भिंतीकडचा पाय

२ फेब्रुवारी

नवरा म्हणतो, दिवसभरात मी जेवढं बोलते त्यातलं निम्मं लिहून काढलं तर घरातल्या बाकीच्यांनाही तोंड उघडायची संधी मिळेल. ही वही त्यानंच आणून दिली, वर पेनही दिलं. बाबा, म्हणजे माझे सासरे, शेजारीच बसले होते. ते नुसते हसले. त्यांचं बोलणं मुळात कमी. जन्मभर शिवणकाम केलं आणि तोंडात टाचण्या धरल्या, मग बोलणार कधी?

तर लिहिते. आमच्या लॅबमध्ये पायाच्या शिरेत अडकलेली रक्ताची गुठळी फोडायचं काम चालू आहे, तेही कापाकापी न करता. शिरेतून बुडबुडे सोडायचे, इतके बारीक की रक्ताबरोबर कुठेही न अडकता वाहत जातात. ते गुठळीपाशी पोचले की बाहेरून मांडीवर मशीनचा प्रोब टेकवायचा आणि अल्ट्रासाऊंड सोडायचा, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी. लहरींनी बुडबुडे थरथरतात, फुटतात आणि गुठळी खिळखिळी करतात. मग औषधाला आत शिरायला वाट मिळते. सांगायला किती सोपं आहे! बुडबुडे बनवतो तो आमचा फुगेवाला. रसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे त्याची, पण हेच नाव पडलं ते पडलं. लहरी माझ्याकडे. आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर मॅडम, शिरांच्या सर्जन.

सध्या आमचा पेशंट म्हणजे जेलीचा एक पाय. त्याच्या आत रबरी नळी, नळीत खाटकाकडून आणलेल्या रक्ताची गुठळी. बाकी सगळे कागद मंजूर झालेत, पण या पायातली गुठळी लागोपाठ तीनदा फोडून दाखवल्याशिवाय हॉस्पिटलची कमिटी खऱ्या माणसाला हात लावू देणार नाही. आणि गुठळी ढिम्म हलत नाही.

५ फेब्रुवारी

गुरुवार, म्हणजे पायांचा दिवस. प्रोब कुठे ठेवायचा, किती दाबायचा याचा हात बसावा म्हणून आम्ही धडधाकट पायांवर सराव करतो. बुडबुडे नाहीत, औषध नाही, नुसतं बघायचं. अडचण एवढीच की वयस्कर माणसांचे चांगले पाय मिळत नाहीत. ज्यांचे पाय चांगले ते हिंडत असतात, त्यांना आमच्या टेबलावर येऊन पडायला सवड कुठली? मी बाबांना विचारलं. ते इस्त्रीची पँट घालून माझ्याआधी दारात उभे.

आमची खोली म्हणजे खोली म्हणायची इतकीच. टेबल भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे झोपलेल्या माणसाचा उजवा पाय आमच्याकडे आणि डावा भिंतीकडे. सगळा सराव उजव्यावर, आमच्या शिरांचे नकाशेही उजव्याचेच. एकदा कुणीतरी विचारलं होतं की डाव्याचं काय. मी म्हटलं, उलटा धरायचा नकाशा.

चांगली शीर प्रोबनं दाबली की पडद्यावर डोळा मिटावा तशी मिटते, सोडली की उघडते. बाबांची अशी झकास मिटत होती की फुगेवाला म्हणाला, काकांची शीर डोळा मारतेय. मी जाहीर करून टाकलं, पाय एक नंबर. मॅडमनी त्यांना दर गुरुवारचं आमंत्रण दिलं. चहा झाला, बिस्किटं झाली आणि बाबा घरापर्यंत कॉलर ताठ करून आले.

१० फेब्रुवारी

गुठळी जैसे थे. मी लहरींची ताकद वाढवली. मग वेळ वाढवला. मग दोन्ही वाढवलं आणि मधे क्षणभरही न थांबता मारा केला. शेवटी मी फुगेवाल्याला म्हटलं, तुझे बुडबुडेच लेचेपेचे आहेत. तो म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. जे काय सांगायचं ते मॅडमकरवी. मॅडम म्हणाल्या, मी सर्जन आहे, पोस्टमन नाही.

मला भीती वाटतेय हे इथे लिहायला हरकत नाही. मॅडमच्या वॉर्डात माणसं पाय वर टांगून पडलेली असतात. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जिवाशी खेळ. रक्त पातळ करायच्या गोळ्या सगळ्यांना देतात, पण मोठी गुठळी असली की पाय कायमचा सुजरा आणि जड राहतो. आमचं जमलं तर त्यातल्या काहींना तरी नीट चालता येईल. आणि ते अडलंय माझ्यापाशी.

१६ फेब्रुवारी

बाबा नणंदेकडे जाऊन आले. जाताना दिवसभर बस, येताना दिवसभर बस. खिडकीची जागा मिळाली होती, ती जाऊ नये म्हणून मधल्या कुठल्याच थांब्यावर उतरले नाहीत म्हणे, मांडीवर पिशवी घेऊन पुतळ्यासारखे बसून राहिले. मी त्यांच्या चिकाटीचं कौतुक केलं. येताना जाड कापड घेऊन आलेत, आमच्या जेलीच्या पायाला खोळ शिवणार आहेत. पाय उघडा बरा दिसत नाही, म्हणाले.

१९ फेब्रुवारी

पायांचा दिवस. बाबांचा पाय पुन्हा एक नंबर. जाताना गाडीत म्हणाले, "सूनबाई, बसमधून आल्यापासून हा पाय जरा..." मी म्हटलं, बाबा, तुमच्या पायाची काळजी तुम्ही करायची नाही, एवढं लाखांचं मशीन बघतंय तुमचा पाय. मग मी त्यांना कमिटीतला एक खडूस मेंबर काय म्हणाला ते सांगितलं, ते सांगेपर्यंत लॅब आली.

परत येताना त्यांनी डोळे मिटले होते. दमले असतील.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

लहरी सोडणाऱ्या आमच्या डब्याचा प्लग टेबलामागच्या भिंतीत आहे आणि तो बोर्ड ढिला झालाय. आज प्रयोग ऐन रंगात आलेला आणि डबा बंद. हलवला की चालू. पुन्हा बंद. मी टेबलाखाली रांगत जाऊन वायर धरून बसले, हात अवघडला की ती निसटायची, मग वरून फुगेवाला ओरडणार, गेली! दहा दिवसांनी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो हा शब्द. सगळा वेळ चालू-बंद, चालू-बंद. मी धुळीनं माखून बाहेर आले आणि म्हटलं, आजचा दिवस वाया.

फुगेवाल्यानं पडद्याकडे बोट दाखवलं. नळीतली गुठळी जवळजवळ सगळी गेली होती. उरलेली चिंध्यांसारखी लोंबत होती आणि तिच्या बाजूनं पाणी खळखळ वाहत होतं.

आम्ही दोघंही उभेच. मग तो म्हणाला, "मी तुझ्याकडे बुडबुडे पाठवत राहतो आणि तू एकसारखा मारा करून त्यांना दारातच फोडतेस. गुठळीपर्यंत कुणी पोचतच नाही. आज प्लगनं मधे मधे दम खाल्ला, तेवढ्यात नवे आत गेले."

इतकी साधी गोष्ट. थोडा मारा, मग थांबायचं, नवे बुडबुडे येऊ द्यायचे, मग पुन्हा. थांबणं हेच अर्धं काम आहे. आमच्यासारखंच काम करणारे इतर कुणी हे कधीपासूनच वापरत असतील, मला सुचलं नाही कारण मला थांबणं सुचतच नाही. मी फुगेवाल्याची माफी मागितली. त्यानंही अंगण वाकडं नसल्याचं मान्य केलं.

घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. नवरा म्हणाला, मधे थांबलं की दुसऱ्याला वाव मिळतो, हे आम्हाला लग्नापासून माहीत आहे. याचा इथे काय संबंध ते कळलं नाही.

२३ फेब्रुवारी

दुसऱ्यांदा जमलं, या वेळी ठरवून थांबे घेऊन. थांबा किती मोठा ठेवायचा यावर वाद झाला. मला छोटा हवा होता, फुगेवाल्याला मोठा. मोठाच बरोबर निघाला.

बाबा संध्याकाळी स्वतःच्या पँटची शिवण उसवत बसले होते, डाव्या पायाची. म्हणाले, घट्ट होतेय, कापड आटलं असेल. कापड एकाच बाजूनं कसं आटतं कोण जाणे, पण शिंप्याशी कापडावरून वाद घालू नये. जेलीच्या पायाची खोळ तयार झाली. काय बेतलीय! शिवताना मी बघत होते, डावा पाय स्टुलावर आणि मशीन नुसत्या उजव्या पायानं चालवत होते. या वयात एका पायानं! नवऱ्याला बोलावून दाखवलं.

२६ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा जमलं! मॅडमनी कधी नव्हे ते मला मिठी मारली आणि लगेच कमिटीला फोन लावला. या गडबडीत पायांचा दिवस घाईघाईत उरकला. बाबांना टेबलावर चढायला फुगेवाल्यानं हात दिला. एक नंबर, नेहमीप्रमाणे.

१ मार्च

बाबांचे फिरायला जाणारे मित्र आज हाक मारायला आले होते. आठवडाभर आला नाहीस, काय झालं? बाबा म्हणाले, शिवण अंगावर आहे. नवऱ्यानं विचारलं, पाय दुखतोय का? बाबा म्हणाले, "पाय सूनबाई दर आठवड्याला बघते." नवऱ्याचं समाधान झालं. माझंही झालं.

४ मार्च

कमिटीनं परवानगी दिली. पहिला पेशंट परवा, मॅडमच्या वॉर्डातला एक बेकरीवाला. उद्या इलेक्ट्रिशियन तो बोर्ड बदलायला येणार. ज्या ढिल्या प्लगनं आम्हाला शहाणं केलं त्याची पाठवणी करताना फुगेवाल्याला भरून आलंय. तो प्लग पुसून कपाटात ठेवणार आहे.

५ मार्च

इलेक्ट्रिशियन सकाळीच आला. भिंत मोकळी हवी म्हणाला, म्हणून टेबल ओढून खोलीच्या मधे आणलं. ते आडवं बसेना, मग फिरवून ठेवलं. उशी दाराकडे होती ती खिडकीकडे गेली. बाबा आले, बूट काढले, उशीवर डोकं ठेवून झोपले. मी सवयीनं जवळच्या पायाची पँट वर केली, जेल लावलं आणि प्रोब टेकवला.

शीर दिसली. दाबली. मिटली नाही.

मला वाटलं, हात चुकला. पुन्हा दाबली, वर सरकले, पुन्हा दाबली. डोळा सताड उघडा आणि आत करडं काहीतरी भरलेलं. इतकी वर्षं मी तेच करडं पडद्यावर बघतेय. मी म्हटलं, फुगेवाल्या, जेलीचा पाय जोडलाय का मशीनला? तो म्हणाला, जेलीचा पाय खोळीत आहे. मग मी पडद्यावरून नजर काढून पहिल्यांदा पायाकडे पाहिलं. डावा पाय होता. पोटरी घट्ट, चकचकीत, मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ. शेजारी उजवा, आमचा एक नंबरचा, काडीसारखा.

मी गप्प झाले. फुगेवाला नंतर म्हणाला, तेव्हाच त्याला कळलं की काहीतरी भयंकर आहे.

मॅडम धावत आल्या. बाबांना हलू दिलं नाही. श्वास लागतो का, छातीत दुखतं का, सगळं विचारलं; नाही म्हणाले. गुठळी मांडीपर्यंत गेलेली आहे. लगेच इंजेक्शन आणि चाकाच्या खुर्चीतून वॉर्ड. मी खुर्चीबरोबर चालता चालता विचारलं, बाबा, कधीपासून? म्हणाले, बसमधून आल्यापासून जड वाटतो.

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, तू दर गुरुवारी पाय एक नंबर आहे म्हणायचीस. मला वाटलं, पायांच्या जोडीला म्हणतेस."

काखेत कळसा नि गावाला वळसा ही म्हण आजवर मी दुसऱ्यांना लावत आले. तीन गुरुवार. त्यातले दोन तर गुठळी माझ्यापासून वीतभर अंतरावर भिंतीकडे झोपलेली होती आणि मी शेजारच्या पायाचे गोडवे गात होते. कापड आटलं म्हणे! नवऱ्याला फोन केला आणि मला नीट सांगता येईना. तो म्हणाला, सावकाश, मी ऐकतोय. मग मी रडले.

६ मार्च

बाबा मजेत आहेत, निदान तसं दाखवतात. शेजारच्या खाटेवर तो बेकरीवाला. सकाळी त्याच्यावर आमचा पहिला प्रयोग झाला आणि छान झाला. तो बाबांना सांगत होता, काही कळत नाही हो, मी तर घोरत होतो. बाबांनी त्याच्या सदऱ्याचं बटण लावून दिलं.

मॅडमनी बाबांचं नाव पुढच्या पेशंटसाठी कमिटीपुढे ठेवलं. गुठळी अजून ताजी आहे, म्हणाल्या, जुनी होऊन घट्ट झाली की आपलं काही चालत नाही. कमिटीतला खडूस मेंबर म्हणाला, चालेल, पण सुनेचा हात मशीनला लागता कामा नये, ती खोलीतही नको. बाबांनाही सगळं समजावून, धोके सांगून विचारलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, थांबे मोठे ठेवलेत ना?

मला वाटलं होतं, ते माझं बोलणं ऐकत नाहीत. सगळं ऐकलेलं आहे.

१० मार्च

आज झालं.

लहरींचं काम माझ्याच हाताखालच्या मुलीनं केलं. मी दाराबाहेर बाकावर. नवरा एका बाजूला, दुसऱ्या बाजूला बेकरीवाला; त्याला घरी सोडलं होतं, पण तो थांबला. दार लोटलेलं होतं, आतून डब्याची बारीक टिकटिक ऐकू यायची. टिकटिक, मग शांतता. मग टिकटिक. ती शांतता मीच ठरवून बसवली आहे, तरी दर वेळी वाटायचं की आता काहीतरी बिघडलं, आता पुन्हा सुरूच होणार नाही. छोटा थांबा मागणारी मी किती मूर्ख होते आणि तोच असता तर आज किती बरं झालं असतं, असे दोन्ही विचार एकदम यायचे. मी एकदा उठले, तर नवऱ्यानं पदर धरून खाली बसवलं. काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आत जे चाललं होतं त्यात माझ्या बोलण्याची भर घालावीशी वाटेना. बेकरीवाल्यानं खिशातून पावाचा तुकडा काढून दिला, तो मी खाल्लाही.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा आधी हातमोजे काढले, मग केसांवरची टोपी काढली. मला ओरडावंसं वाटत होतं. मग म्हणाल्या, "ये, बघ. आता बघायला हरकत नाही."

पडद्यावर बाबांच्या डाव्या पायाची शीर. मॅडमनी प्रोब दाबला. ती मिटली. पूर्ण नाही, झोपाळू डोळ्यासारखी अर्ध्याहून जास्त. पण आत रक्त वाहताना दिसत होतं. उरलेलं काम गोळ्या करतील, म्हणाल्या, काही महिने घ्याव्या लागतील, आणि बसमधून मधे मधे उतरायचं, पाय मोकळे करायचे, जागा गेली तर गेली.

बाबांनी मान उचलून पडदा पाहिला. म्हणाले, "हा दोन नंबर का?"

फुगेवाला हसत सुटला, आणि हसता हसता त्यानं चष्मा काढून पुसला.

१२ मार्च

गुरुवार. टेबल परत भिंतीला लावलेलं नाही, लावणारही नाही. खोलीत वावरायला जागा उरली नाही, सगळे एकमेकांवर आपटतो. आता प्रत्येकाचे दोन्ही पाय बघायचे आणि मशीन लावायच्या आधी डोळ्यांनी बघायचे. मॅडमनी तसा नियमच केला. नियमाखाली फुगेवाल्यानं बारीक अक्षरात लिहिलं, कापड आटत नाही.

२१ मार्च

बाबा घरी येऊन आठवडा झाला. सकाळी अंगणात दोन फेऱ्या मारतात, घट्ट मोजा घालतात आणि कुरकुर करत नाहीत. आज पँटची डावी शिवण पुन्हा आत घ्यायला बसले. टेप घेऊन पोटरी मोजली, उजवी मोजली, बोटभर फरक उरला होता. तेवढा ढिलेपणा राहू दे, म्हणाले, जाईल तोही.

मी समोर बसले. म्हटलं, बाबा, आणखी काही होतंय का? आणि मग गप्प राहिले. हे वाटतं तेवढं सोपं नाही. जिभेवर सगळं तयार होतं, की काही होत नसणारच, की मॅडम म्हणाल्यात सगळं छान आहे, की परवाचा रिपोर्ट. घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. बाबांनी एक टाचणी तोंडातून काढून गादीला टोचली. दुसरी काढली. मला वाटलं, नसेलच काही, आता उठावं. मी उठले नाही.

त्यांनी तिसरी टाचणी काढली.

"तो उजवा गं," ते म्हणाले, "तुझा एक नंबर. त्याचा गुडघा दोन वर्षं दुखतोय."

मी खुर्ची जवळ ओढली. म्हटलं, कुठे, दाखवा.